विरजण, मोड आणि शेवाळ

 कसाऱ्याच्या बचत गटांकडून बोलतो आहोत. चुलीवर काही असेल तर ते सोडून येऊ नका, रेडिओच जरा जवळ ओढून घ्या. आजचं बोलणं चुलीजवळचंच आहे.

सुरुवात आमच्या एका चुकीपासून करतो. दिवाळी झाली होती, भाताची झोडणी आटपत आली होती. तेव्हा आमच्या गटाच्या बैठकीला एक माणूस आला. अंगात स्वच्छ शर्ट, हातात हिरव्या पाण्याची बाटली. म्हणाला, "ताई, हे साधं पाणी नाही. हे शेवाळ आहे, स्पिरुलिना. याच्या गोळ्या शहरात सोन्याच्या भावाने जातात. तुम्ही फक्त टाकी बांधा. बी आम्ही देऊ, माल आम्हीच उचलू." गटामागे पन्नास हजारांची योजना होती. नाव नोंदवायला पाच हजार आगाऊ.

आम्ही गटांचं काम बघणाऱ्या. बी.ए. झालेल्या, हिशेब लिहिणाऱ्या, बँकेत जाणाऱ्या. तरी आम्ही ते पाच हजार दिले. पावती घेतली ती साध्या कागदावर. पंधरा दिवसांनी फोन लावला तर तो बंद. आजपर्यंत बंदच आहे.

पाच हजार म्हणजे काय, ते ऐकणाऱ्यांना सांगायला नको. महिन्याला शंभर रुपये टाकणाऱ्या दहा बायांची ती पाच महिन्यांची बचत. कुणी मुलाच्या वहीचे पैसे मागे ठेवले, कुणी मोहाची फुलं वेचून विकली, कुणी रोजगाराला गेली, त्यातून ते जमले होते.

पुढच्या बैठकीत आम्ही मान खाली घालून बसलो. कुणी ओरडलं नाही, तेच जास्त लागलं. मग आमच्यातली सगळ्यात म्हातारी मावशी बोलली. ती कधी शाळेत गेली नाही. तिने दोनच प्रश्न विचारले. "बाटलीतलं ते जिवंत होतं का? आणि जिवंत असेल तर ते काय खाणार, काय पिणार? आपल्याकडे शिमग्यापासून हंडाभर पाण्याला अर्धा दिवस जातो. टाकीला पाणी कुठलं?"

हे दोन प्रश्न आम्ही पैसे देण्याआधी विचारले असते तर आज ही गोष्ट सांगावी लागली नसती. त्या दिवशी आम्ही ठरवलं, आता हा विषय नीट समजून घ्यायचा. कारण शेवाळ खोटं नाही. सूक्ष्मजीवांचे कारखानेही खोटे नाहीत. खोटा होता तो माणूस. कृषी सहायकांना विचारलं, अंगणवाडीच्या ताईंना विचारलं, पुस्तकं वाचली. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

या धंद्याला मोठं नाव आहे, औद्योगिक जैवतंत्रज्ञान. नावाला घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की जिवंत गोष्टींकडून कारखान्यातलं काम करून घ्यायचं. त्यात काम करणाऱ्या तीन जणी आहेत असं समजा. पहिली विरजणातली, दुसरी मोडातली, तिसरी शेवाळातली.

पहिलीपासून सुरू करू. दूध कोमट करून त्यात चमचाभर दही घालतो आणि भांडं झाकून ठेवतो. सकाळी दही लागलेलं असतं. त्या चमचाभर दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात आणि आंबट आम्ल बाहेर टाकतात. त्या आम्लाने दूध घट्ट होतं. दूध कडकडीत असताना विरजण घातलं तर ते मरतं. थंडीत भांड्याला घोंगडी गुंडाळावी लागते. भांडं खरकटं असेल तर दह्याला तार सुटते, वास येतो. म्हणजे ऊब, खाणं आणि स्वच्छता हे तीन नियम आपल्याला आईने शिकवलेलेच आहेत. कारखान्याचेही तेच तीन नियम आहेत.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. तिथे पेनिसिलिन बनवायचं होतं. जखम चिघळून, निमोनिया होऊन, बाळंतपणात ताप चढून माणसं मरत, त्यांना वाचवणारं हे औषध. ते येतं बुरशीतून. लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग नावाच्या डॉक्टरला 1928 साली दिसलं की एका बशीत बुरशी पडली आणि तिच्या आजूबाजूचे जंतू मेले. आपण शिळ्या भाकरीवर हिरवी-निळी बुरशी बघतो ना, तिच्याच जातकुळीतली ती बुरशी.

पिंपरीला काय केलं? भल्यामोठ्या पोलादी टाक्यांत पाणी, साखर आणि बुरशीला लागणारं खाणं भरलं. वाफेने टाकी आतून निर्जंतुक केली. मग त्यात बुरशीचं विरजण लावलं आणि गाळलेली स्वच्छ हवा सोडत राहिले. बुरशी वाढली, तिने औषध पाण्यात सोडलं, ते वेगळं काढलं. अशा टाकीत एक नको तो जंतू शिरला तरी सगळी टाकी ओतून द्यावी लागते. आपलं नासलेलं दूध आणि त्यांची नासलेली टाकी यांत फरक आकाराचा.

पुढे याच पिंपरीत शास्त्रज्ञांनी बुरशीच्या रोगांवर चालणारं एक नवं औषध शोधलं. त्याचं नाव हॅमायसिन. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या नावातली इंग्रजी अक्षरं घेऊन ते नाव ठेवलं. मातीतल्या सूक्ष्मजीवाकडून मिळालेलं औषध, आपल्याच राज्यात शोधलेलं.

आता एक प्रश्न पडेल. घरचं विरजण संपलं तर आपण शेजारणीकडे वाटी घेऊन जातो. कारखान्याचं विरजण बिघडलं तर ते कुठे जातात? तेही वाटी घेऊन जातात, ते पुण्याला. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. 1951 सालापासून तो चालू आहे. काही हजार जातींचे जिवाणू, यीस्ट आणि बुरशी तिथे नाव-नंबर लावून जपून ठेवल्या आहेत. कारखाने आणि कॉलेजं तिथून विकत नेतात. म्हणजे देशाच्या विरजणाची ती बँक आहे. मैत्रिणींनो, बाटली घेऊन येणाऱ्या माणसाला आम्ही विचारायला हवं होतं, "या विरजणाचं नाव काय, ते कुठून आणलं?" खऱ्या माणसाकडे याचं उत्तर असतं.

विरजणाच्याच जातीचं आणखी एक नाव म्हणजे यीस्ट. ते साखर खातं आणि अल्कोहोल बनवतं. साखर कारखान्यातली मळी टाकीत भरून यीस्ट लावतात, त्यातून इथेनॉल निघतं. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. मोहाच्या फुलांच्या मडक्यातही हेच यीस्ट असतं. त्या मडक्याने आपल्या पाड्यांवर किती संसार धुळीला मिळवले, ते आम्ही सांगायची गरज नाही. यीस्ट ते एकच आहे. कुठे गाडी चालते, कुठे घर मोडतं. कामकरीण कुणाच्या हाताखाली आहे, त्यावर सगळं अवलंबून.

आता दुसरी, मोडातली. हिला शास्त्रात विकर म्हणतात, इंग्रजीत एन्झाइम. ही स्वतः जिवंत नाही. पण जिवंत वस्तूच ती बनवते. एन्झाइम म्हणजे कोयता समजा. कोयत्याने गवत कापतो, गवत कापलं जातं, कोयता तसाच राहतो आणि पुढचं गवत कापतो. तसंच एन्झाइम मोठ्या पदार्थाचे तुकडे करतं आणि आपण तसंच राहतं. म्हणून थोडं पुरतं. पण प्रत्येक कोयता वेगळा. पीठ कापणारा वेगळा, प्रथिनं कापणारा वेगळा, चरबी कापणारा वेगळा.

खात्री करून बघायची? भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या आणि गिळू नका, चावत राहा. थोड्या वेळाने गोडसर लागतो. भाकरीत साखर घातली नव्हती. पिठातला स्टार्च म्हणजे साखरेच्या मण्यांची लांब माळ. लाळेतल्या एन्झाइमने ती माळ तोडली, मणी सुटे झाले, जिभेला गोड लागले. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्च्या पपईचा तुकडा घालतो, तोही एन्झाइमचाच खेळ. पपईच्या चिकात प्रथिनं कापणारं पपेन असतं.

कारखाने ही एन्झाइमं जिवाणू आणि बुरशीकडून टाकीत बनवून घेतात. ठाण्यात मुख्य कार्यालय असलेली एक मोठी एन्झाइम कंपनी आहे, ॲडव्हान्स्ड एन्झाइम. तिचा कारखाना आपला घाट चढून गेल्यावर नाशिक जिल्ह्यात सिन्नरला आहे. मक्यापासून ग्लुकोज करायला, कोंबड्यांचं खाद्य पचायला सोपं करायला, जीन्सच्या कापडाला जुनी झाक आणायला, अशा कितीतरी कामांना एन्झाइमं लागतात. कपड्याच्या बऱ्याच पावडरींतही ती असतात. रक्ताचा, दुधाचा, घामाचा डाग प्रथिनांचा असतो, तो ती कापतात. म्हणून एक लक्षात ठेवा. असा डाग आधी थंड पाण्यात भिजवायचा, मग कोमट पाण्यात पावडर टाकून धुवायचा. उकळतं पाणी ओतलं तर रक्ताचा डाग कापडात घट्ट बसतो आणि पावडरीतलं एन्झाइमही निकामी होतं. पावडरीचे पैसे फुकट जातात.

या एन्झाइमवर काम केलेल्या एका मराठी बाईचं नाव आज घ्यायचंच आहे. डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या बहीण. 1933 साली त्या बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत शिकायला गेल्या, तेव्हा बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. कडक अटींवर प्रवेश मिळवला आणि पहिल्या वर्गात पास होऊन दाखवलं. पुढे इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत श्वसनाचं काम करणारं सायटोक्रोम सी असतं, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवलं. 1939 साली विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. परत आल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवलं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. पहाटे उतरवलेली ताजी नीरा गोड आणि पौष्टिक असते, उन्हं वर आली की यीस्ट तिची ताडी करतं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना ताज्या नीरेचा काय उपयोग होतो, हे त्यांनी तपासलं. एवढी शिकलेली बाई आपल्या पाड्यावरच्या मुलाच्या वाटीचा विचार करत होती. आम्हाला त्यातून धीर आला.

आणि वाटीचा विषय निघाला म्हणून नाचणीकडे येतो. लहान बाळाला आपण नाचणीची पेज देतो. पेज घट्ट केली तर बाळ थुंकतं. पातळ केली तर पोट पाण्यानेच भरतं, अंगाला काही लागत नाही. बाळाचं पोट मूठभर, त्यात पाणी भरायचं की धान्य? इथे मोड मदतीला येतो. नाचणीला मोड आला की दाण्यात स्टार्च कापणारं एन्झाइम तयार होतं. अंकुराला वाढायला साखर हवी असते, म्हणून दाणाच ते बनवतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात यावर पूर्वीच अभ्यास झालेला आहे. मोड आणून वाळवलेल्या धान्याचं चमचाभर पीठ घट्ट पेजेत घातलं की पेज पातळ होते. पाणी न वाढवता.

आम्ही हे अंगणवाडीत सगळ्यांसमोर करून बघितलं. पेज इतकी घट्ट शिजवली की पळी उभी राहत होती. खाली उतरवली, जरा निवू दिली आणि मोडाचं पीठ एक चमचा घालून ढवळलं. पाच-सात मिनिटांत पेज पळीवरून ओघळायला लागली. एक आई म्हणाली, "मागून कुणी पाणी ओतलं काय?" कुणी ओतलं नव्हतं. मग ती पेज पुन्हा नीट उकळली, कारण मोडाच्या पिठात जंतू असू शकतात, ते उकळल्याशिवाय जात नाहीत. दोन गोष्टी मात्र विसरू नका. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. आणि बाळ फार वाळलं असेल, पायावर सूज असेल, तर पेजेवर भरवसा ठेवून घरी बसू नका. आशाताईंना सांगा, दवाखान्यात न्या.

आता तिसरी, शेवाळातली, जिच्या नावाने आमचे पैसे गेले. शेवाळ आपल्या ओळखीचं आहे. पावसात पायरीवर पाय घसरतो ते. भाताच्या खाचरात पाण्यावर निळसर-हिरवी साय येते, तीही त्यातलीच. तिला निळं-हिरवं शेवाळ म्हणतात. खरं तर ते जिवाणूच आहेत, पण सूर्यप्रकाशावर जगणारे. ढाक्याला काम करणाऱ्या डे नावाच्या शास्त्रज्ञाने 1939 साली दाखवलं की हे शेवाळ हवेतला नत्र धरून भाताला देतं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भात तग धरून राहिला त्यात या सायीचा हात आहे. अझोला नावाची पाण्यावर तरंगणारी छोटी वनस्पती असते. तिच्या पानांत असंच शेवाळ वस्तीला असतं. अझोला खाचरात खत म्हणून आणि कोंबड्या-जनावरांना खाद्य म्हणून चालतो.

स्पिरुलिना हे त्याच घराण्यातलं. त्यात साधारण 60 टक्के प्रथिनं असतात, हे खरं आहे. आफ्रिकेत चाड तलावाच्या काठच्या बाया ते कापडाने गाळून, वाळूवर वाळवून त्याच्या वड्या करतात आणि कालवणात घालतात. त्यांनी ते कुठल्या योजनेतून घेतलं नाही, त्यांच्या तलावात ते आपोआप वाढतं. कारण त्या तलावांचं पाणी खारं, सोड्यासारखं आहे. आपल्या बुलढाण्याच्या लोणार सरोवराचं पाणीही तसंच. तिथेही या जातीचं शेवाळ आढळतं. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. तेही सूक्ष्मजीवांमुळेच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं की मिठात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग आहे.

मग कसाऱ्यात स्पिरुलिना का नाही? मावशीचा प्रश्न घेऊन आम्ही हिशेब मांडला. टाकीत वीतभर खोल पाणी लागतं, ते उन्हाने उडतं आणि रोज भरावं लागतं. भातसा आणि तानसा ही धरणं आपल्या शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि आपल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. पाण्यात खाण्याचा सोडा, मीठ, खतं घालावी लागतात. पाणी सतत ढवळावं लागतं, वीज गेली की काम अडतं. पावसाळ्यात चार महिने इथे ऊन दिसत नाही आणि उघड्या टाकीत पाऊस पडला की सोडा पातळ होऊन दुसरं शेवाळ शिरतं. त्यातलं काही विषारी असू शकतं, म्हणून प्रत्येक माल तपासून घ्यायला प्रयोगशाळा लागते. जिथे वर्षभर पाणी आहे, छप्पर आहे, वीज आहे आणि लेखी करार करणारा गिऱ्हाईक आहे, तिथे हा धंदा होतो. आमच्याकडे या चारातलं एकही नव्हतं. आमच्याकडे नाचणी होती.

म्हणून आम्ही नाचणीला लागलो. वरकस जमिनीवर पिकणारी, घरात कणगीत पडलेली, व्यापाऱ्याला चाळीस रुपयांनी देऊन टाकायचो ती नाचणी. पाच किलोला तीन-चार बादल्या पाणी पुरतं आणि दिवाळी ते होळी ऊन कडक असतं. निवडायची, खडे काढायचे, धुवायची, रात्रभर भिजत घालायची. पाणी काढून स्वच्छ ओल्या फडक्यात सैल बांधायची. एक-दीड दिवसात बारीक मोड दिसतो. मग ताडपत्रीवर पातळ पसरून खडखडीत वाळवायची, चोळून मोड झाडायचे. विकायच्या सत्त्वासाठी मंद भाजून दळायची. पेज पातळ करायच्या पिठासाठी मात्र भाजायची नाही, कारण भाजलं की एन्झाइम मरतं. हे दोन डबे वेगळे ठेवायचे आणि वर चिठ्ठी लावायची.

इथेही आम्ही एकदा फसलो. पहिल्या वेळी आठ किलो नाचणी एकाच फडक्यात घट्ट बांधली. दोन दिवस ढग आले, नीट वाळली नाही. आंबट वास आला, काळे ठिपके पडले. एक जण म्हणाली, कोंबड्यांना घालू. नाही घातली. धान्यावरच्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही, ते कोंबडीलाही बाधतं. आठ किलो खड्ड्यात पुरली. नको त्या जंतूने टाकी वाया जाते म्हणजे काय, ते पिंपरीला न जाता कळलं. तेव्हापासून दोन-दोन किलोची पुरचुंडी, हात साबणाने धुतलेले, फडकं उकळलेलं, आणि आभाळ बघून भिजवायचं.

अन्न विकायचं म्हणून एफएसएसएआयची नोंदणी केली. पाकिटावर तारीख घालतो. किलोभर नाचणीतून पाऊण किलोच्या थोडं वर सत्त्व निघतं, ते गृहीत धरून भाव ठरवला. कसारा स्टेशनजवळ आणि शहापूरच्या बाजारात विकलं. होळीपर्यंत त्या पाच हजारांपैकी चार हजार तीनशे भरून आले. सातशे अजून बाकी आहेत. वहीत लाल शाईने लिहून ठेवलेत, मुद्दाम. पुढच्या बाटलीवाल्याच्या वेळी ते पान उघडायचं आहे.

दुसरं एक छोटं काम केलं. भातानंतर ओलीवर वाल पेरतो, त्याला रायझोबियमचं जिवाणू खत लावलं. हेही टाकीत वाढवलेलं विरजणच. 250 ग्रॅमचं पाकीट साधारण दहा किलो बियाण्याला. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं, त्याच दिवशी पेरायचं. उन्हात ठेवलं की जिवाणू मेले. बुरशीनाशक आणि हे एकत्र कालवलं तरी मेले. प्रत्येक कडधान्याचा जिवाणू वेगळा असतो. वालाला चवळीच्या गटातला लागतो, हरभऱ्याचा चालत नाही. म्हणून पाकिटावरचं पिकाचं नाव आणि शेवटची तारीख वाचून घ्या. फुलोऱ्यात एखादं झाड हलकेच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-तांबूस दिसली तर कामकरीण कामावर आहे. पांढरी किंवा करडी असेल तर नाही. आम्ही अर्ध्या शेताला लावलं, अर्ध्याला नाही लावलं. लावलेल्या बाजूला गुलाबी गाठी जास्त दिसल्या. यंदा दोन्हीकडचा वाल वेगळा मोजणार आहोत, मग बोलू.

आता शेवटी, मावशीच्या दोन प्रश्नांचे आम्ही पाच केले आहेत. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलेत. तुम्हीही लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर पाच बोटांवर मोजा.

अंगठा: हे जिवंत आहे की मेलेलं, आणि याचं नाव काय, आलं कुठून? दुसरं बोट: ते काय खाणार, किती पाणी पिणार, आणि ते मे महिन्यात आपल्याकडे आहे का? तिसरं: बिघडलं की ओळखायचं कसं आणि तपासणार कोण? चौथं: माल घेणार कोण, आणि ते शिक्क्याच्या कागदावर लिहून देणार का? करंगळी: बुडालं तर कुणाचं बुडालं?

पाचांची उत्तरं मिळाली तर बाटली असो, पाकीट असो, टाकी असो, जरूर घ्या. या कामकरणी गुणाच्या आहेत, त्या औषध देतात, खत देतात, बाळाची वाटी भरतात. एकाही प्रश्नाला माणूस गुळमुळीत बोलायला लागला तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या. पैसे पेटीत राहू द्या.

आमची मावशी आज इथे शेजारीच बसली आहे. माइकवर बोल म्हटलं तर लाजते. म्हणते, "सांगा त्यांना, आजच रात्री मूठभर नाचणी भिजत घाला." तेवढंच सांगून थांबतो.